मगर मारावी की घाट बांधावा?

एप्रिल उजाडला की कोकणातल्या बाईचा दिवस पाण्यापासून सुरू होतो आणि पाण्यापाशीच संपतो. ज्या मुलखात पावसाळ्यात चार-चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथेच उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार येते. पिण्यापुरतं पाणी कसंबसं भरून होतं, पण घरभरच्या धुण्याचं काय? मग बादली कमरेवर घ्यायची आणि नदी गाठायची. आमच्या महाडकडे ही नदी म्हणजे सावित्री, आणि सावित्रीत मगरी आहेत.

महाडच्या मगरी ही काही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. थंडीच्या दिवसांत काठावर उन्हं खात पडलेल्या मगरी पुलावरून जाणाऱ्यांनाही दिसतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा जुना पूल पुरात कोसळला, दोन एस. टी. बस वाहून गेल्या, तेव्हा शोध घेणाऱ्या जवानांना पुराच्या ओढीबरोबर मगरींचीही काळजी होती, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलंच असेल.

मी अर्धवेळ शिक्षिका. विज्ञानाच्या तासाला मुलं हमखास विचारतात, "बाई, मगरी मारून का नाही टाकत?" मुलांचं सोडा, मोठी माणसंही हेच विचारतात, आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. सांगलीकडे कृष्णाकाठी मगरीच्या हल्ल्यात माणसं गेलेली आहेत. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी जाऊन निसर्गाच्या समतोलावर व्याख्यान देऊ नये. मगर मोठी की माणूस, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर 'माणूस' हेच आहे. पण मगरी मारल्याने माणूस वाचतो का, हा खरा प्रश्न आहे. तो जरा थंड डोक्याने पाहू या.

साता समुद्रापार हाच वाद शार्क माशांवरून कित्येक वर्षं चालला आहे. आपण कालवणात घालतो त्या मुशीचेच हे थोरले भाऊबंद. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासेमारीला उतरलेल्या एका तरुणाचा पाय शार्कने धरला होता. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर १९५९ ते १९७६ या काळात सरकारने ठरवून ४,६६८ शार्क मारले. तरीही माणसांवरचे हल्ले लक्षात येण्याजोगे कमी झाले नाहीत. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१४ साली समुद्रात आमिषाचे गळ टाकले. १७२ शार्क अडकले, ६८ मारले गेले. गंमत अशी की, ज्या मोठ्या पांढऱ्या शार्कच्या धास्तीने हे सारं आरंभलं, तो एकही गळाला लागला नाही! अखेर तिथल्या सरकारच्याच पर्यावरण मंडळाने या योजनेविरुद्ध सल्ला दिला.

मारू नका, पण पकडून लांब तरी सोडा, असं काहीजणी म्हणतील. मलाही आधी हे पटण्याजोगं वाटायचं. पण जुन्नरकडे २००१ नंतर बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले, तेव्हा हल्ले घटण्याऐवजी वाढले, असं विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आलं. मगरींचं तर विचारूच नका. ऑस्ट्रेलियात हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडलेली खाऱ्या पाण्यातली एक मगर वीस दिवसांत चारशेहून अधिक किलोमीटर पोहून आपल्या जागी परत आली. आपल्या नदीतली मगर वेगळ्या जातीची असली, तरी तीही आपली हद्द राखून असते. एक थोरली मगर काढली की रिकाम्या जागी दुसरी येऊन बसते. नदीला काही दार नाही!

शिवाय कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका ठरलेलं असं जनावर पकडता येत नाही किंवा हलवता येत नाही, अशी खात्री पटली तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक ते मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतात. म्हणजे माणसाच्या जिवाकडे कायद्याने पाठ फिरवलेली नाही. मगरीच्या हल्ल्यात माणूस दगावला तर वारसांना २५ लाख रुपये देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला. पण पैशाने घरातलं माणूस परत येत नाही, हे सांगायला का हवं?

आता थोडं मगरीचं वेळापत्रक पाहा. उन्हाळा लागता लागता मादी काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि राखण करत बसते. पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात, तेव्हा ती अधिकच चिडखोर असते. नेमके हेच दिवस आपल्या पाणीटंचाईचे! मगर आपल्या घरी असते आणि आपण बादली घेऊन तिच्या उंबऱ्यावर जातो, कारण आपल्या घरच्या नळाला पाणी नसतं. त्या काठावर जाणारं माणूस बहुधा बाईच असतं.

माझं गाव तळीये. आमच्या डोंगरात मगर चढत नाही. पण २२ जुलै २०२१ ला दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. डोंगराला शिक्षा करता येत नाही. घरं कुठे असावीत, इशारा कधी मिळावा, एवढंच माणसाच्या हाती असतं. मगरीच्या बाबतीतही मला तोच विचार बरा वाटतो.

मग करायचं काय? श्रीलंकेत नदीच्या काठाशी पाण्यात बांबूचं किंवा लोखंडी गजांचं कुंपण घालतात. पाणी आत येतं, मगर येत नाही, आणि बायका त्या कुंपणात निर्धास्त आंघोळ करतात, कपडे धुतात. असा एखादा घाट आपल्याकडे का बांधू नये? किंवा काठापासून दूर धुण्याचा चौथरा आणि उन्हाळाभर चालणारा एक नळ? आणखी एक. कोंबडीच्या दुकानातली घाण आणि मेलेली जनावरं नदीत टाकणं आधी बंद झालं पाहिजे. आयतं खाणं मिळालं की मगर त्याच जागी रेंगाळणारच.

तोवर आपल्या हाती आहे ते हे:

पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री नदीवर जाऊ नये.
एकटीने न जाता तिघी-चौघींनी जावं आणि एकीने पाण्यावर नजर ठेवावी.
पाण्याच्या अगदी कडेला वाकून बसू नये. बादलीने पाणी वर घ्यावं आणि काठापासून दूर कपडे धुवावेत.
मासे, मटण नदीत साफ करू नये.
मुलांना खेळायला पाण्यात सोडू नये.
काठावर अंडी वा पिल्लं दिसली तर मागे फिरावं आणि वनखात्याला कळवावं.

गोव्यात फोंड्याजवळ दुर्भाटकडे पौष महिन्यात चिखलाची मगर करून शेतकरी तिची पूजा करतात. मगरीच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांची ही रीत. आपण पूजा केलीच पाहिजे असं नाही. पण शेजारी बदलता येत नसेल तर मधे कुंपण घालावं, हे संसार करणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. आपण तिथे बहुतेक वेळा सही करून परत येतो. येत्या सभेत सही करण्यापूर्वी धुण्याच्या घाटाचा ठराव मांडा आणि तो लिहून घ्यायला लावा. नदीकाठच्या शहरात राहत असाल तर चार-पाच जणींनी मिळून नगरपालिकेत अर्ज द्या आणि पोच घ्या. मगर मारण्याची मागणी करणाऱ्यांचा आवाज मोठा असतो. घाट मागणाऱ्या बायकांचा आवाजही तेवढाच मोठा होऊ द्या.