लेव्हलच्या नळीपासून सुरुवात

पुणे-सोलापूर रस्त्यालगत नवी घरं भराभर उठताहेत, तेव्हा ती बांधणाऱ्या हातांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं आणि मी केडगावला गेले. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे हे गाव दूरदूर माहीत आहे. गावावरून जाणारा लोहमार्ग सोलापूर ओलांडून शहाबादला पोचतो. जुन्या न्हाण्यांत तिथलीच शहाबादी फरशी असायची. आता मोरबीच्या टाइल्स येतात आणि थेट छताला भिडतात.

एका अर्धवट बाथरूममध्ये मिस्त्री पारदर्शक नळीत पाणी भरून बुडबुडे काढत होते. बुडबुडा राहिला तर लेव्हल खोटं बोलते. नळीची दोन टोकं दोन कोपऱ्यांत धरली की पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर थांबतं. तिथे खूण, मग रंगवलेली दोरी ताणून सूत मारायचं. बॅटरीवरची लेसर लेव्हल आली तरी या नळीवरचा माझा विश्वास तिथेच पक्का झाला.

पहिली टाइल त्यांनी जमिनीपासून लावली नाही. एक ओळ सोडून सरळ पट्टी ठोकली आणि तिच्यावर दुसरी ओळ बसवली. बाथरूमच्या जमिनीला जाळीकडे ढाळ असतो. तिला टेकवून सुरुवात केली तर सगळी भिंत तिरकी चढते. तळची ओळ शेवटी, जमिनीची फरशी झाल्यावर, ढाळाप्रमाणे एकेक तुकडा कापून बसते. कापलेले तुकडे दारासमोर दिसू नयेत म्हणून ते दाराआडच्या कोपऱ्यात जातील, असा हिशेब आधीच केलेला असतो. ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटली.

खरी काळजी टाइलच्या पाठीमागची आहे. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते, म्हणून सिमेंटवर लावण्याआधी ती भिजवतात. कोरडी लावली तर ती सिमेंटचंच पाणी ओढून घेते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पीत नाही. तिला नुसतं सिमेंट धरत नाही, चिकटवायचं केमिकल लागतं, आणि ते दातेरी थापीने सगळीकडे सारखं ओढावं लागतं. पण मजुरी चौरस फुटावर ठरलेली, मालकाला वास्तुशांतीची घाई. मग पाठीवर पाच गोळे थापून टाइल दाबली जाते. मधे पोकळी राहते, तिथे खिळा मारला की टाइल तडकते. जुन्या ऑइलपेंटवर टाचे न मारता लावलेली टाइल तर अख्खी सुटते. सांध्यांत भरलेल्या ग्राउटने गळती थांबते हा समजही घातक आहे. वॉटरप्रूफिंग आणि नळाच्या पाइपांची दाब देऊन तपासणी टाइल लागण्याआधीच व्हायला हवी. पुढे बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडले की लोक अ‍ॅसिड ओततात, आणि सांध्यातलं सिमेंट त्याने खाल्लं जातं.

तुमच्या घरी काम चालू असेल तर मिस्त्रींना एक दिवस जास्त द्या आणि त्याचे पैसेही द्या. ग्राउट भरण्याआधी प्रत्येक टाइलवर नाण्याने टकटक करा. जिथे पोकळ वाजेल, ती तेव्हाच काढायला सांगा.