बिऱ्हाड हलवितांना

महाड शहरांत कोणास "राहतां कोठें?" म्हणून विचारलें तर पुष्कळदां "तळ्यापाशीं" असें उत्तर येतें. तळें म्हणजे अर्थातच चवदार तळें. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून, बाजारपेठेंत आणि पलीकडच्या नव्या वस्तींत भाड्यानें राहणारांची संख्या थोडी नाहीं. औद्योगिक वसाहतींतील कामगार, शाळांतील शिक्षक, बँकांतील आणि कचेऱ्यांतील बदलीचे नोकर यांचें बिऱ्हाड आज येथें तर दोन वर्षांनीं आणखी कोठें. घर भाड्यानें घेतांना मनुष्य दहा ठिकाणीं चौकशी करतो. तें सोडतांना मात्र त्याचा सारा विचार टेंपो कितीला ठरला याभोंवतीं फिरत राहतो. वास्तविक घर घेण्यापेक्षां सोडण्यासच अधिक धोरण लागतें. त्यांतून महाडसारख्या गांवीं बिऱ्हाड हलविण्याचा दिवस एकटा बिऱ्हाडकरू ठरवीत नाहीं. घरमालक ठरवितो, कायदा ठरवितो, आणि वर्षांतले चार महिने सावित्री नदी ठरविते.

सावित्री महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपूरवरून महाडास येते, तेथें गांधारी तिला मिळते, आणि समुद्राच्या भरतीचें पाणी खाडीवाटे जवळजवळ महाडपर्यंत वर चढतें. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस आणि खालून भरती असा योग जुळला म्हणजे पुराच्या पाण्यास जावयास वाट उरत नाहीं. तें शहरांत शिरतें. जुलै २०२१ मध्यें तसेंच झालें. २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरीं सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि महाडची बाजारपेठ व सखल भागांतील घरांचे तळमजले पाण्याखालीं गेले. २२ तारखेसच तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. त्या दुःखापुढें शहरांतील सामानाची हानि बोलून दाखविण्याचेंही कोणास धैर्य झालें नसेल. पण पूर ओसरल्यावर दारोदार चिखलानें माखलेल्या गाद्या, कपाटें, धान्याचीं पोतीं आणि मुलांचीं पुस्तकें यांचे ढीग पडले होते, हेंही खरें. त्याच्या आदल्या वर्षीं, २४ ऑगस्ट २०२० रोजीं संध्याकाळीं, शहरांतील तारीक गार्डन ही पांच मजली इमारत कोसळून सोळा जण मृत्युमुखीं पडले. इमारत बांधून फार वर्षें झालेलीं नव्हतीं. ती हादरत आहे हें ज्यांच्या वेळींच ध्यानांत आलें, ते अंगावरच्या कपड्यांनिशीं बाहेर धांवले आणि वांचले.

म्हणून सामान हलविण्याची तयारी ही पंधरा दिवसांची गोष्ट असली, तरी निघण्याची तयारी घरांत पाऊल टाकल्या दिवसापासूनची असावी. ती तयारी म्हणजे मुख्यतः कागदांची तयारी.

भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्यानें आवश्यक केली. ती टाळण्यासाठीं अकरा महिन्यांची चाल पडली. आतां महाराष्ट्रांत त्या पळवाटेचा उपयोग उरलेला नाहीं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तरीही जुनी चाल सुटत नाहीं, आणि पुष्कळ ठिकाणीं तोंडी बोलीवरच घर दिलें-घेतलें जातें. सारें सुरळीत चाललें असतां त्यांत कांहीं बिघडत नाहीं. पूर आला म्हणजे बिघडतें. पंचनाम्यांत घर मालकाचें असलें, तरी बुडालेलें सामान भाडेकरूचें असतें. आणि तो तेथें राहत होता हें दाखविण्यास त्याच्यापाशीं करारपत्र नाहीं, पावती नाहीं, तर त्यानें काय दाखवावें? भाड्याची पावती देणें याच कायद्यानें मालकावर बंधनकारक आहे. दरमहा ती मागून घेण्यांत संकोच मानणें हा सभ्यपणा नव्हे, निव्वळ आळस होय.

या अकरा महिन्यांच्या हिशोबांत महाडकरानें आणखी एक गोष्ट पाहावी. एक जूनपासून करार धरला तर तो ३० एप्रिलला संपतो. रस्ते कोरडे, हवा उघडी, हमाल मोकळे. एक ऑगस्टपासून धरला तर तो ३० जूनला, म्हणजे ऐन आर्द्रा नक्षत्रांत, संपतो. करारावर सही करतांनाच शेवटची तारीख पंचांगांत पाहून ठेवली तर ही आपत्ति टळते. चातुर्मासांत नव्या घरांत राहावयास जाऊं नये असें जुनीं माणसें म्हणतात. महाडास पंचांगाचें आणि पर्जन्यमापकाचें याबाबतींत एकमत आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

घर सोडण्याची सूचना किती आधीं द्यावी हें करारांत लिहिलेलें असतें. कांहींच ठरलेलें नसेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें महिन्याच्या बोलीवर दिलेल्या घरास पंधरा दिवसांची सूचना लागते, आणि ती दोघांसही लागू आहे. पंधरा दिवस म्हणजे कांहीं फार नव्हेत; पण त्यांचें मोल, ज्यांस ते मिळाले नाहींत, त्यांस विचारावें. १९१७ सालीं परदेशांतून उच्च शिक्षण घेऊन डॉ. भीमराव आंबेडकर बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्यांस राहावयास घर मिळेना. एका पारशी विश्रामगृहांत त्यांनीं रोजच्या भाड्यानें खोली घेतली. अकराव्या दिवशीं हातांत काठ्या घेतलेले लोक दारीं आले. आठवड्याची मुदत मागितली असतां मिळाली ती त्या संध्याकाळपर्यंतची. सामान बाहेर काढून ते सार्वजनिक बागेंत बसून राहिले, आणि रात्रीच्या गाडीनें मुंबईस परतले. पुढें दहा वर्षांनीं, २० मार्च १९२७ रोजीं, त्यांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. तळें खासगी आहे असा दावा लावून सनातन्यांनीं तें प्रकरण कोर्टांत नेलें. १९३७ च्या मार्चमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्यांचा रूढीचा आधार सिद्ध होत नाहीं असा निर्णय दिला. घर भाड्यानें देतांना आडून आडून जात विचारणारे मालक आजही भेटतात, आणि तेही बहुधा "जागा खासगी आहे" असेंच म्हणतात.

आज मालकानें वीज किंवा पाणी तोडून भाडेकरूस हुसकावून लावणें हें कायद्यास मान्य नाहीं. उलटपक्षीं लायसन्सची मुदत संपल्यावर जागा अडवून बसणारास दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते, हेंही बिऱ्हाडकरूनें ध्यानांत ठेवावें. सूचना लेखी द्यावी, तिची प्रत जवळ ठेवावी, आणि प्रतीवर मालकाची सही घ्यावी.

अनामत रकमेवरून होणारे तंटे बहुतेक भिंतींवरून होतात. घर जसें मिळालें तसें परत करावें हा सामान्य नियम; पण रोजच्या वापरानें जी झीज होते ती त्यांतून वगळलेली आहे. फिकट झालेला रंग ही झीज. भिंतींत ठोकलेले वीस खिळे ही झीज नव्हे. महाडच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही, कीं माणसाच्या आटोक्याबाहेरच्या शक्तीनें झालेली हानिही १८८२ च्या त्याच कायद्यानें भाडेपट्टेदाराच्या माथीं मारलेली नाहीं. आणि आग, वादळ वा पूर यांनीं घर कायमचें निरुपयोगी झालें तर पट्टा रद्द समजण्याची मुभाही भाडेकरूस दिली आहे. अर्थात् करारांत याच्या उलट कांहीं लिहिलेलें नसेल तर. म्हणून करार वाचावा. घरांत शिरतांना आणि सोडतांना भिंती, नळ, खिडक्या व विजेचा मीटर यांचीं छायाचित्रें मोबाईलवर काढून ठेवलीं तर अर्धा वाद मिटतो.

आतां सामानाकडे वळावें. कोंकणांतील गृहिणीची एप्रिल-मेमध्यें खरी अडचण होते ती बेगमीची. त्याच दिवसांत आमसुलें वाळत असतात, पापड-कुरडया उन्हांत पडलेल्या असतात, लोणच्याच्या बरण्या भरल्या जातात, सुकी मासळी घेऊन ठेवावयाची असते, वर्षाचें तांदूळ भरावयाचें असतें. बिऱ्हाड हलणार हें ठरलें असेल तर ही बेगमी नव्या घरीं जाऊनच करावी. जुन्या घरीं भरलेली बरणी टेंपोंत फुटली कीं नुकसान एका बरणीचें होत नाहीं, तिच्याखालच्या गाद्यांचेंही होतें. जें वर्षभर हातीं घेतलें नाहीं तें आधीं काढावें, वांटावें किंवा भंगारांत द्यावें. पुस्तकें मोठ्या खोक्यांत भरूं नयेत. तें खोकें हमालासही उचलत नाहीं. काचेचीं भांडीं साड्या-धोतरांत गुंडाळावींत. पहिल्या दिवशीं लागणारें सामान, म्हणजे चहाचें पातेलें, दोन ताटें, अंथरूण, औषधें आणि केरसुणी, शेवटीं चढवावें, म्हणजे तें आधीं उतरतें.

कागदपत्रांची पेटी मात्र टेंपोंत चढवूंच नये. करारपत्र, पावत्या, शिधापत्रिका, शाळेचे दाखले, बँकेचीं पुस्तकें हीं सारीं पाणी न शिरणाऱ्या पिशवींत घालून घरांतील एकानें स्वतःच्या हातांत न्यावींत. हीच पिशवी पावसाळाभर दाराजवळ उंच जागीं टांगलेली असावी. सावित्रीची इशारा पातळी महाडास ६ मीटर आणि धोका पातळी ६.५० मीटर धरलेली आहे. या दोहोंमधल्या अर्ध्या मीटरांत कपाट हलत नाहीं, पिशवी हलते.

दिवस ठरवितांना गांवचें वेळापत्रकही पाहावें. २० मार्चच्या सुमारास तळ्यावर दूरदूरहून लोक लोटतात आणि त्या रस्त्यांवरून सामानाचें वाहन नेणें अशक्य होतें. गणपतीच्या आधींचा आठवडाही असाच. महामार्ग चाकरमान्यांनीं भरलेला, आणि टेंपोवाला सांगेल तें भाडें. पुण्याकडे जाणारांनीं वरंध घाटाची चौकशी आधीं करावी. अलीकडच्या कित्येक पावसाळ्यांत तो वाहतुकीस बंद ठेवला गेला आहे.

घर रिकामें झालें कीं तें झाडून घ्यावें, मीटरचा आंकडा मालकासमक्ष टिपावा, शेवटचें बिल कोणीं भरावयाचें तें ठरवावें, आणि किल्ली देतांना किल्ली पोंचल्याची व अनामतीच्या हिशोबाची चिठ्ठी घ्यावी. गॅसची जोडणी नव्या पत्त्यावर न्यावी. मतदारयादींतील पत्ता बदलण्यास आठ क्रमांकाचा नमुना भरावा.

नव्या घरीं दूध उतूं घालण्यापूर्वीं एकदां भिंतींकडे निरखून पाहावें. महाडच्या पुष्कळ तळमजल्यांत पुराच्या पाण्याची रेघ रंगाखालूनही ओळखूं येते. न आली तर शेजारी दाखवितात. कागदांच्या पिशवीसाठीं त्या रेघेच्या वर खुंटी ठोकावयाची असेल, तर मालकाची परवानगी पहिल्याच दिवशीं घ्यावी.