बूटलोडर अनलॉक करण्याआधी

डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू केलं की फोनचा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम, अनलॉक झाला, असं पुष्कळांना वाटतं. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून मिळणाऱ्या यादीतलं ते बटण म्हणजे नुसती परवानगी. त्याने काही उघडतही नाही आणि पुसलंही जात नाही. पिक्सेलवर खरं काम होतं ते कॉम्प्युटरवरून ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ ही कमांड देऊन फोनवर होकार दिल्यावर, आणि तेव्हा फोन पार कोरा होतो. चोराने दुसरी सिस्टिम टाकून तुमचे फोटो पाहू नयेत म्हणून ही सोय मुद्दामच केलेली आहे.

‘माझं सगळं गूगलवर आहे’ हा समज सगळ्यांत महागात पडतो. गूगलच्या बॅकअपमध्ये कॉन्टॅक्ट, एसएमएस, सेटिंग्ज येतात. डाउनलोड फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं साठलेली सातबाऱ्याची पीडीएफ येत नाही. ती हाताने कॉपी करा. व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच्याच सेटिंग्जमधून घ्यावा लागतो, आणि तो एन्क्रिप्टेड असेल तर पासवर्ड आठवायला हवा. ऑथेंटिकेटर ॲप खात्याशी सिंक नसेल तर त्यातले कोड गेलेच. यूपीआय ॲप पुन्हा सुरू करताना फोनमधून एसएमएस जातो, तेव्हा रिचार्जमध्ये एसएमएस आहेत ना, हेही बघून ठेवा.

‘सिम अनलॉक्ड आहे, म्हणजे बूटलोडरही उघडेल’ हेही खरं नाही. दोन्ही कुलपं वेगळी. अमेरिकेतून भावाने आणलेला पिक्सेल व्हेरायझनचा असेल, तर ओईएमचं बटण सहसा करडंच राहतं. शाओमीत खातं जोडून बऱ्याचदा 168 तास थांबावं लागतं; हुवावेने तर 2018 मध्ये कोड देणंच बंद केलं.

अनलॉक म्हणजे रूट (सिस्टिमवर पूर्ण ताबा) नव्हे. रूट न करताही काही बँकिंग ॲप्स अडून बसतात, कारण गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीला उघडा बूटलोडर कळतो. आणि ‘नको वाटलं तर परत लॉक करू’ म्हणणाऱ्यांनी जपून: लॉक करतानाही डेटा पुसला जातो, आणि सिस्टिम बदललेली असताना लॉक केलं तर फोन सुरूच न होण्याची भीती असते. सॅमसंगमध्ये अनधिकृत सॉफ्टवेअर टाकलं की नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेचा फ्यूज कायमचा उडतो.

एवढी तयारी करून ‘फास्टबूट डिव्हाइसेस’ या कमांडला उत्तरच आलं नाही, तर आधी केबल बदला. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. विंडोज असेल तर मग ड्रायव्हर तपासा.