ऑइलची पट्टी आधी पाहा

२२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारी नद्यांचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, दारात उभ्या गाड्या बुडाल्या. पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून चकचकीत करता येते. म्हणून महाड-पोलादपूरकडे जुनी डिझेल गाडी घेताना रंगाआधी ऑइलची पट्टी ओढून पाहावी.

डिझेल इंजिनचं ऑइल काळं होतंच, त्याला घाबरू नये. ते दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर मात्र त्यात पाणी आहे. अशा ऑइलचा थर टिकत नाही आणि बेअरिंगं झिजतात. नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली पिवळट फेस असेल तर लगेच सौदा मोडायचं कारण नाही. गाडी रोज जेमतेम बाजारापर्यंत जात असेल, तर पावसाळ्यात आतली वाफ तिथे साचते.

खात्री करायचा जुना उपाय चांगला आहे. पाणी ऑइलपेक्षा जड. गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी स्टार्ट न करता चेंबरचा बोल्ट अलगद सैल करावा. सुटं पाणी असेल तर तेच आधी टपकतं. सोबत गाळ आला तर पुराचा संशय घ्यावा. रेडिएटरचं पाणी सारखं कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, तडकलेलं हेड किंवा ऑइल कूलर तपासावा. कशेडी, आंबेनळी घाट चढताना तापवलेल्या इंजिनात गॅस्केट आधी जातं.

बुडालेल्या इंजिनाला तर स्टार्टर मारूच नये. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि विकणारा ‘कालच ऑइल बदललंय’ म्हणाला, तर गाडी घाटात फिरवून पट्टी पुन्हा पाहावी.