खळाळत्या पाण्याची सहल : नियोजन आणि वैद्यकीय विचार

संघटनेच्या वार्षिक सहलीसाठी राफ्टिंगचा विषय निघाला की चर्चा बहुधा गाडी, निवास आणि जेवण या तीन गोष्टींवर येऊन स्थिरावते. वास्तविक या सहलीचे नियोजन एका वेगळ्याच प्रश्नापासून सुरू व्हावयास हवे. आपण ज्या नदीत उतरणार, तिच्यात पाणी कोठून येते? या एका प्रश्नाच्या उत्तरावरून महिना, दिवसाची वेळ, पाण्याचा थंडपणा आणि कोणास बरोबर न्यावे, हे सारे ठरते.

पाण्याच्या उगमानुसार आपल्याकडील नद्यांचे तीन प्रकार पडतात. पावसावर वाहणारी म्हादई हा पहिला प्रकार. आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या या नदीवर गोव्यात सत्तरी भागात राफ्टिंग होते, ते केवळ पावसाळ्यात. चोर्ला घाट उतरला की सत्तरी लागते. म्हणून बेळगावकरांना ही सहल सर्वांत सोयीची. परंतु घाटमाथ्यावर रात्री धुवाधार पाऊस झाला तर सकाळी तीच नदी अनोळखी होते, आणि त्याच पावसात घाटरस्त्यावर दरडीही येऊ शकतात. अशा सहलीसाठी एक राखीव दिवस हाताशी ठेवावाच लागतो.

दुसरा प्रकार धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या नद्यांचा. कोलाडजवळची कुंडलिका याचे उत्तम उदाहरण. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीचा कडा उतरून भिरा येथील वीजकेंद्रात येते आणि वीज निर्माण करून कुंडलिकेत सोडले जाते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह पुकारला, त्याच धरणाच्या पाण्यावर आज पर्यटकांचे तराफे तरंगतात, हा इतिहासाचा एक विचित्र योगायोग म्हणावा लागेल. हे पाणी सामान्यतः सकाळी सुटते; तेव्हा आदल्या रात्रीच मुक्कामाला पोहोचणे शहाणपणाचे. दुपारी निवांत पोहोचणाऱ्या मंडळींना नदीच्या जागी केवळ खडक पाहावयास मिळण्याचा संभव असतो. दांडेलीकडील काळी नदीही सुपा धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर अवलंबून आहे. तेथे जाताना पाणी आणि प्रशासनाची परवानगी, दोन्हींची चौकशी निघण्यापूर्वी करावी.

तिसरा प्रकार हिमालयातील नद्यांचा, आणि त्यात ऋषिकेशच्या वरची गंगा प्रमुख. कौडियाला ते ऋषिकेश हा सुमारे ३६ किलोमीटरचा पट्टा आहे. त्यात मरीन ड्राइव्ह, शिवपुरी आणि ब्रह्मपुरी येथूनही उतरता येते. शिवपुरीहून अंतर साधारण १६ किलोमीटर पडते. पावसाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, राफ्टिंग बंद असते. सप्टेंबरच्या अखेरीपासून जूनपर्यंत हंगाम चालतो. मार्चनंतर बर्फ वितळू लागले की पाणी वाढते, पण थंडपणा फारसा कमी होत नाही. वर तापमापक चाळिशी गाठत असताना पाणी मात्र हाडे गोठविणारे असते, हे मे महिन्यात जाणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. निवासाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या पट्ट्यातील नदीकाठच्या वाळूवरील तंबूंना मनाई केली. त्यामुळे जुन्या छायाचित्रांतील वाळूवरच्या शेकोट्या पाहून बेत आखू नये. जून २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने नियम होईपर्यंत राफ्टिंगच थांबविले होते. पुढे ते पुन्हा सुरू झाले. उत्तराखंडात १४ वर्षांखालील मुलांना राफ्टमध्ये बसू दिले जात नाही. मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी हे घरीच सांगून ठेवावे.

पाण्याची अवघडता १ ते ६ या आंतरराष्ट्रीय श्रेणींत मोजतात. कुंडलिका आणि म्हादई साधारण २ ते ३ मध्ये बसतात. गंगेवर शिवपुरीखालचे 'रोलर कोस्टर' व 'गोल्फ कोर्स' हे वेगवान टप्पे तिसऱ्या श्रेणीच्या आसपासचे. व्यासीजवळची 'द वॉल' चौथीची. प्रथमच जाणाऱ्यांनी 'वॉल' टाळण्यासाठी मरीन ड्राइव्हच्या वरून उतरू नये. मात्र श्रेणी ही नदीची कायमची पदवी नव्हे. पाणी वाढले की तोच टप्पा वरच्या श्रेणीत जातो.

आता आपल्या व्यवसायाशी निगडित भागाकडे वळू. थंड पाण्यात अकस्मात पडताच माणूस नकळत मोठा श्वास आत ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुफ्फुसांत जाते. पाठोपाठ श्वसन अनियंत्रित होते, नाडी व रक्तदाब झपाट्याने चढतात. हा 'कोल्ड शॉक' पहिल्या अर्ध्या मिनिटात तीव्र असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. त्याच वेळी चेहरा बुडाल्याने व्हेगस उत्तेजित होऊन नाडी मंद करू पाहते. या दोन परस्परविरोधी आज्ञा एकाच हृदयावर आल्या की अरिदमियाचा धोका संभवतो. म्हणूनच उत्तम पोहणाराही पहिल्या मिनिटात बुडू शकतो, आणि म्हणूनच लाइफ जॅकेट हे पोहता येणाऱ्यासाठीही तितकेच आवश्यक आहे. जॅकेटचे खांदे वर ओढून पाहावेत. ते हनुवटीपर्यंत सरकले तर पट्टे सैल आहेत असे समजावे.

यादी करताना काही नावे वगळावी लागतील. अलीकडे झालेला हृदयविकाराचा झटका, अनियंत्रित रक्तदाब, अपस्मार, गर्भारपण, लाँग क्यूटीचा इतिहास, अँटिकोॲग्युलंट औषधे, नुकतीच झालेली सांध्याची वा डोळ्याची शस्त्रक्रिया, यांपैकी काहीही असलेल्या सभासदाने काठावरच थांबावे. डॉक्टर मंडळी स्वतःला या यादीतून सोयीस्करपणे वगळतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. त्यामुळे नावे ठरविण्याचे काम सहलीच्या आयोजकाने न करता, सोबत न येणाऱ्या एखाद्या फिजिशियन मित्राकडे सोपवावे असे सुचवितो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी न्याहारी केल्याशिवाय राफ्टमध्ये पाऊल ठेवू नये. दम्याचा इन्हेलर गाइडजवळच्या जलरोधक पिशवीत असावा. आदल्या रात्रीच्या मद्यपानाविषयी अधिक लिहिण्याची गरज नसावी.

राफ्टमधून पडल्यास उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे व पृष्ठभागाजवळ ठेवावेत. पाणी कमरेएवढे वाटले तरी वाहत्या धारेत उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय दोन दगडांच्या फटीत अडकला की पाण्याचा रेटा शरीराला पुढे दाबतो आणि गुडघाभर पाण्यातही तोंड वर काढणे अशक्य होते. वल्ह्याच्या टोकाची आडवी मूठ कधीही सोडू नये; सुटलेली मूठ शेजाऱ्याचे दात पाडते, आणि सहलीतील दंतवैद्यांना अनावश्यक काम लागते.

पावसाळी सहलीनंतरचा एक मुद्दा मात्र विसरू नये. २००० साली बोर्निओतील सबाह येथे झालेल्या साहसी स्पर्धेनंतर निरनिराळ्या देशांत परतलेल्या स्पर्धकांमध्ये लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आढळली, आणि नदीच्या पाण्यात पोहण्याशी तिचा संबंध स्पष्ट झाला. कोकण व गोव्यात हा रोग आपल्या परिचयाचाच आहे. अंगावर ओल्या जखमा असतील तर म्हादईत उतरू नये. जोखीम अधिक वाटल्यास डॉक्सिसायक्लिनचा आठवड्यास २०० मिलिग्रॅमचा प्रतिबंधक डोस प्रत्येकाची प्रकृती पाहून विचारात घ्यावा. परतल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत वेदना वा डोळे लाल होणे यांपैकी काही दिसल्यास, पाहणाऱ्या डॉक्टरांना नदीचा उल्लेख आवर्जून करावा.