मंगळवारच्या बॅचचा कांदा

“मॅडम, सगळ्या पेशी नुसत्याच आहेत,” मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता अकरावीतली एक मुलगी म्हणाली. नुसत्या म्हणजे विभाजन न होणाऱ्या. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात. मुळाच्या टोकाशी ती कुठे मधोमध रांगेत उभी, कुठे दोन टोकांकडे ओढली जात असलेली दिसायला हवीत. इथे विटांसारख्या पेशी आणि प्रत्येकीत एक गोल केंद्रक, बस्स. ‘पुन्हा करून बघा’ म्हणत आमचा हा तिसरा मंगळवार होता. बुधवार-गुरुवारच्या बॅचना पहिल्याच दिवशी जमलं होतं. मी मंगळवारच्या मुलांवर रागावले. लक्ष देत नाही म्हणाले.

स्लाइड बिघडली की ती सहसा स्वतःच कारण सांगते. पेशी एकमेकींवर चढून गठ्ठा झाला, तर मूळ आम्लात कमी वेळ राहिलं. पेशींना जोडणारा चिकट थर सैल करण्यासाठीच तर हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतो. ते फार वेळ राहिलं, तर सगळं लिबलिबीत होतं. रंग फिका आला, तर स्पिरिटच्या दिव्यावरून स्लाइड हलकेच फिरवायची, उकळू द्यायची नाही. पेशी लांबट दिसल्या, तर मूळ फार वरून कापलंय. विभाजन होतं ते टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्येच. म्हणून मी मुलांना सांगते, आधी अख्खं मूळ रंगवा आणि जो भाग सर्वांत गडद होईल तेवढाच घ्या.

मंगळवारच्या स्लाइडमध्ये यातलं काहीच नव्हतं. रंग छान, थर एकेरी, पेशी लहान आणि चौकोनी. चांगल्या स्लाइडमध्येही बहुतेक पेशी विश्रांतीत दिसतात, पण एकही विभाजन नाही म्हणजे काय?

मग मी मोठी चूक केली. कांदा बदलला, रंगाची नवी बाटली फोडली, आम्लाचा वेळ दुप्पट केला, सगळं एकाच दिवशी. स्लाइड आणखी बिघडली आणि कशामुळे, ते सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट बदलली. बुधवारच्या बॅचची मुळं घेतली. रंग, आम्ल, वेळ, सगळं मंगळवारच्या जुन्या पद्धतीचं ठेवलं. विभाजन दिसलं! म्हणजे रंग आणि आम्ल निर्दोष होते, खोट मुळांतच होती.

मंगळवारची मुळं सोमवारी सकाळी नऊ वाजता कापली जात. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसिटिक आम्ल यांच्या मिश्रणात ती २४ तास राहत. या मिश्रणात पेशी त्या क्षणी जे करत असते तिथेच थांबते. मंगळवारी आपण पाहतो तो सोमवारचा नऊ वाजताचा क्षण.

पाण्याच्या ग्लासांवर कांदे ठेवून मुळं फुटू देणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मामांना विचारलं. ते सहज म्हणाले, “सोमवारी आलो की ग्लासांतलं पाणी खाली गेलेलं असतं, मॅडम. मी भरून ठेवतो की!”

रविवारी कॉलेज बंद. छोट्या ग्लासातलं पाणी उतरायचं, मुळं हवेत लोंबकळायची. पाणी तुटलं की मुळाचं टोक आधी विभाजन थांबवतं. मामांनी पाणी भरल्यावर मूळ पुन्हा पांढरंशुभ्र, टवटवीत दिसायचं, पण आतलं काम लगेच सुरू होत नसे. बाहेरून पाहून मलाही ते कळलं नसतं.

त्या शनिवारी आम्ही रुंद बरण्या काठोकाठ भरल्या, कांद्याचं बूड जेमतेम पाण्याला टेकेल इतक्या. मंगळवारी त्याच मुलीला गुणसूत्रांचे दोन झुपके दोन टोकांना सरकताना सापडले. मी सगळ्या बॅचची माफी मागितली.

जर्नलमध्ये आकृती काढताना तिने आधीच्या तीन तारखा खोडायला घेतल्या. मी तिला थांबवलं. ‘विभाजन दिसले नाही’ हे वाक्य तीन वेळा तिथेच राहू दिलं आणि शेजारी ‘रविवारी पाणी उतरले’ असं लिहायला सांगितलं.