पारवा मान का हलवतो?

मार्केट यार्डात आईबाबांबरोबर गेलात, तर या वेळी भुसार विभागाकडेही एक चक्कर मारा. गहू-ज्वारीच्या पोत्यांतून थोडे दाणे सांडतातच आणि ते टिपायला पारवे हजर! ट्रक-टेंपोंच्या वाटेपासून दूर, मोठ्यांजवळ उभे राहा आणि एकच पारवा निवडा. चालताना त्याची मान पुढे-मागे होतेय ना?

खरं तर ती मागे जातच नाही! मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा आणि सावकाश बघा. डोकं झटकन पुढे जातं आणि हवेत तिथेच थांबतं. मग अंग पुढे येऊन डोक्याला गाठतं. पुन्हा डोकं पुढे! डोकं थांबतं तेवढा वेळ समोरचं चित्र हलत नाही, त्यामुळे दाणा कुठला, खडा कुठला, मांजर कुठे दबा धरून बसलंय, सगळं नीट दिसतं.

१९७८ साली बॅरी फ्रॉस्ट नावाच्या शास्त्रज्ञांनी काय केलं माहितीये? पारव्यांना चक्क ट्रेडमिलवर चालवलं! पाय चालत होते, पण पट्टा मागे सरकत असल्यामुळे पारवा जागच्या जागीच. भोवतालचं काहीच डोळ्यांपुढून सरकत नव्हतं. आणि मान हलायची थांबली! मला हा प्रयोग भारी आवडतो.

समोरचं चित्र स्थिर ठेवायचं हेच काम आपण बुबुळं फिरवून करतो. चालत्या बसच्या खिडकीतून बाहेर बघणाऱ्या मित्राचे डोळे निरखा. बुबुळं कशी टकटक सरकत असतात! पारव्याचे डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत, म्हणून मानेला कामाला लावावं लागतं.

आता मित्रांबरोबर 'चाल ओळखा' खेळा. एकाने पक्ष्यासारखं चालायचं, बाकीच्यांनी नाव सांगायचं. चिमणी दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारते. साळुंकी एकेक पाऊल टाकत ऐटीत चालते. कावळा दोन्ही करतो, त्यामुळे त्याची नक्कल सगळ्यात अवघड! पक्ष्यांची नावं पाठ करण्याआधी हा खेळ खेळावा, असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ला पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. त्या आठवड्यात वर्गात चालींचा तक्ता लावा. कोंबडी कोणत्या रकान्यात जाईल? आणि बदक?